भिंगावरचं कुंकू

एका जंगलात, बाळांनो, अंधश्रद्धा फार बोकाळली होती. म्हणून सिंहमहाराजांनी चांगला मुहूर्त बघून एक प्रयोगशाळा काढली. तिथे एक मोठं भिंग आणलं आणि अस्वलरावांना प्रमुख नेमलं. अस्वलरावांना जवळचं नीट दिसत नसे आणि लांबचं मुळीच दिसत नसे. पण भिंग असल्यावर डोळे हवेत कशाला?

खंडेनवमीला भिंगाची पूजा झाली. अस्वलरावांनी बोटभर कुंकू घेऊन काचेच्या मधोमध लावलं.

"जरा कडेला लावलं असतंत," मदतनीस मुंगूस म्हणालं.

"देवाला टिळा काय कानाला लावतात?"

मुंगसाने हात जोडले. त्याला बढती हवी होती.

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात झाली. विहिरीकाठच्या बाभळीचं एक पान भिंगाखाली धरलं. पानावर तांबडा डाग! मग कांद्याचा पापुद्रा पाहिला, मुंगीचा पाय पाहिला, विहिरीचं पाणी पाहिलं. जिथे तिथे डाग.

"तांबड्या डागाची साथ आहे," अस्वलरावांनी दरबारात सांगितलं. "पहिला डाग बाभळीवर सापडला. म्हणजे रोग तिथूनच पसरला. बाभूळ पाडा."

त्या बाभळीवर सुगरणीचं घरटं होतं. आत पिल्लं होती, अजून पंख न फुटलेली. बिचारी धापा टाकत प्रयोगशाळेत आली.

"अस्वलदादा, पान एकदा नुसत्या डोळ्यांनी बघा. हिरवंगार आहे हो."

"नुसत्या डोळ्यांनी? बाई, हे शास्त्र आहे."

"मग ती काच तरी पुसा."



"कुंकू पुसू?" अस्वलराव म्हणाले. "असं अभद्र सवाष्णीच्या तोंडी शोभतं का?"

सुगरण रडकुंडीला आली. पण आई होती, हटली नाही. "मग महाराजांचा पंजा बघा. तिथेही डाग दिसेल."

महाराज तेव्हा प्रयोगशाळा बघायला आलेच होते. त्यांना गंमत वाटली. त्यांनी पंजा पुढे केला. अस्वलरावांनी भिंग धरलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पंज्यावर भला थोरला डाग होता.

"काय दिसतंय?" महाराजांनी विचारलं.

सुगरणीला वाटलं, सुटलो. तुम्हालाही तसंच वाटलं ना? तुम्ही अजून लहान आहात.

"राजतिलक, महाराज," अस्वलराव हात जोडून म्हणाले. "जन्मजात आहे. भिंगाशिवाय कळलंच नसतं."

"मग माझ्या बाभळीवरचा?" सुगरणीने विचारलं.

"झाडाला कुठला आलाय राजतिलक? तो रोगच."

संध्याकाळी हत्तीने बाभूळ पाडली. पिल्लांचं काय झालं ते विचारू नका. प्रयोगशाळेनेही विचारलं नाही. सुगरण कितीतरी दिवस विहिरीवर घिरट्या घालत होती, आणि तिचं ओरडणं ऐकवेना म्हणून लोकांनी पाण्याची वाट बदलली.

पुढे अस्वलरावांनी बाभळीचा उरलेला बुंधा तपासला. तिथेही डाग होता.

"बघा," ते मुंगसाला म्हणाले, "रोग पार मुळापर्यंत गेला होता. वेळेवर पाडली म्हणून बरं."

"अगदी वेळेवर," मुंगूस म्हणालं. त्याला बढती मिळाली. पुढच्या खंडेनवमीला कुंकू लावायचा मान त्याचाच होता, आणि त्याने ते मधोमध लावलं.

तात्पर्य: बाळांनो, भिंग पानावर धरावं, पाण्यावर धरावं, मुंगीच्या पायावरही धरावं, फक्त ते पुसू नये. आणि महाराजांवर धरायची वेळ आलीच, तर डागाला चांगलंसं नाव आधी शोधून ठेवावं.