ध्रुव-थ्रीचा पंचनामा

प्रभाकररावांनी चार वर्षांत लिहिलेला एकही शब्द मागे घेतला नव्हता, आणि ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. ऐकायला कुणी नसलं तर दाढी करताना आरशाला ऐकवत.

पोटापाण्यासाठी ते विमा कंपनीत अधिकारी होते. मूळचे नगरचे नेवासकर, बदलीने जयपूरला आलेले, मालवीय नगरात भाड्याच्या घरात राहणारे. दिवसभर ऑफिसात लोकांचे दावे कोणत्या कलमात अडकतात ते शोधायचं आणि संध्याकाळी घरी येऊन 'पीसी पंचनामा' या वेबसाइटवर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची सालटी काढायची, हा त्यांचा दिनक्रम. कुणाचा पंखा घरघरतो, कुणाचा पॉवर सप्लाय डब्यावर छापलेल्याच्या निम्मीच वीज देतो, कोणत्या मासिकाने जाहिरात मिळाली म्हणून कुणाला पाच तारे दिले, सगळं नावानिशी. लिहिताना त्यांना राग यायचा असं नव्हे. राग आधीच आलेला असायचा, त्याला विषय तेवढा मिळायचा. देशभरातली कॉम्प्युटरवेडी मंडळी ते वाचत. 'नेवासकर काय म्हणतो ते बघून मगच घे' असं इंदूरपासून कोचीपर्यंत बोललं जातं, अशी माहिती त्याच वेबसाइटवर होती. ती त्यांनीच लिहिली होती.

तर गोष्ट दोन हजार पाच सालच्या दसऱ्याची. आजवर प्रभाकरराव परीक्षणाचा माल ओळखीचे दुकानदार भगवानजी यांच्याकडून चार दिवसांसाठी मागून आणत. या वेळी पहिल्यांदाच एका कंपनीने आपण होऊन वस्तू पाठवली. पुण्याची छोटीशी कंपनी, आणि वस्तूचं नाव ध्रुव-थ्री. म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचा तांब्याचा ठोकळा आणि त्यावर पंखा. प्रोसेसर तापला की ठोकळ्याने उष्णता ओढून घ्यायची आणि पंख्याने ती बाहेर फेकायची. सोबत कीर्ती नावाच्या इंजिनिअर मुलीचं पत्र होतं. हे डिझाइन माझं आहे, तिने लिहिलं होतं. तुम्ही बरं म्हणालात तर आमचे साहेब हजार नग काढणार आहेत, वाईट म्हणालात तर हा विषय कायमचा बंद.

इतकी समजूतदार मुलगी आजकाल दुर्मीळ, असं प्रभाकररावांनी घरात जाहीर केलं. दसऱ्याच्या सुट्टीला दुपारी चाचणी आणि संध्याकाळी निकाल, असा बेत ठरला.

आदल्या दिवशी सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी त्यांनी फोटो काढायला घेतले. वरून, बाजूने, मग ठोकळा पालथा करून तळाचे. तांबं आणि प्रोसेसर यांच्यात बारीकशीही फट राहू नये म्हणून तळाला राखाडी मलम लावलेलं असतं. ते ध्रुव-थ्रीला कारखान्यातूनच लावून आलं होतं. त्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून त्यांनी तो चौकोनही टिपला. तेवढ्यात वेबसाइटवर जयपूरजवळच्या चौमूं गावातल्या कुणा पोराने लिहिलेलं दिसलं की नेवासकर काकांना फुकट माल मिळालाय, आता ते कौतुक करणारच. प्रभाकररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठोकळा स्टीलच्या ताटात तसाच पालथा ठेवून ते कीबोर्डवर तुटून पडले.

त्याच वेळी अलकाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारात येऊन उभ्या राहिल्या. खंडेनवमी होती. दरवर्षी त्या घरातली हत्यारं पूजेला मांडत: सासऱ्यांचा अडकित्ता, विळी, कात्री, मुलीची कंपासपेटी, आणि नवऱ्याचं जे काही असेल ते. यंदा काय काय घेऊ, असं त्यांनी विचारलं. प्रभाकररावांनी मान वर न करता सांगितलं की दिसेल ते घेऊन जा आणि मला पुन्हा विचारू नकोस.

अलकाताईंनी विचारलं नाही. स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड आणि ते ताट उचलून त्या देवघराकडे गेल्या. ठोकळ्यावरचा राखाडी चौकोन पाहून त्यांना वाटलं, यांनी आधीच गंध लावून ठेवलंय, आणि थोडं बरंही वाटलं. त्यांनी त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, चार अक्षता आणि एक फूल वाहिलं. अक्षता इतक्या सुरेख चिकटल्या की तशा अडकित्त्यावर कधी चिकटल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फूल काढलं, पूजेतली वस्तू पालथी राहू नये म्हणून ठोकळा सरळ केला आणि ताट होतं तिथे नेऊन ठेवलं.

प्रभाकररावांनी ठोकळा वरूनच उचलला आणि प्रोसेसरवर बसवून खिळ्या आवळल्या. उलटून पाहायचं काही कारण नव्हतं. तळाचे फोटो झाले होते.

चौथ्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद पडला. पडद्यावरचा शेवटचा आकडा ब्याण्णव अंशांचा होता. प्रभाकररावांनी खिडकी उघडली, पुन्हा सुरू केला. तीन मिनिटं चाळीस सेकंद. तिसऱ्यांदा त्यांनी छतावरचा पंखाही पूर्ण वेगाने लावला. कॉम्प्युटर आणखी लवकर निजला. मग मात्र त्यांनी बाह्या सरसावल्या.

परीक्षणाचं नाव होतं 'पुण्याची शेगडी'. या वस्तूवर चहा ठेवायला हरकत नाही, दूध मात्र उतू जाईल, असं त्यात म्हटलं होतं. ज्याने हे डिझाइन केलं त्याने तांबं पूर्वी फक्त बंबाला लावलेलं पाहिलं असावं, असंही होतं. चौमूंच्या पोराने जाहीर माफी मागितली. भगवानजींनी नोंदवलेले पंचवीस नग रद्द केले. दोन दिवसांत इतक्या लोकांनी ते वाचलं की प्रभाकररावांचा राग जवळजवळ निवळला.

तो कीर्तीच्या उत्तराने परत आला. उत्तर अगदी नम्र होतं. तिने एवढंच विचारलं होतं: "सर, एकदा काढून, उलटून बघून पुन्हा बसवलंत का?"

आता, हा प्रश्न नवशिक्यांना विचारतात. किंबहुना वेबसाइटवर नवशिक्यांसाठी जी नियमावली टांगलेली होती, तिचा पहिलाच नियम 'आधी काढा, पुन्हा बसवा, मग बोंबला' असा होता आणि खाली सही नेवासकरांची होती. पण नियम करणाऱ्यालाच तो विचारणं म्हणजे हद्द झाली. त्यांनी कंपनीला जाहीर आव्हान दिलं. या जयपूरला. मी त्या वस्तूला हात लावलेला नाही, लावणारही नाही. दोन पंचांसमक्ष तुम्हीच उघडा. प्रत्येक पायरीचा फोटो त्याच क्षणी वेबसाइटवर चढेल, आणि एकही फोटो गाळला जाणार नाही.

कीर्ती खरंच आली. रविवारी सकाळी, रेल्वेने, पाठीला सॅक. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, प्रवासाने चेहरा उतरलेला. अलकाताईंनी तिला आधी पोहे खायला बसवलं. पंच म्हणून भगवानजी आले होते आणि शेजारचे शेषराव. ते रेल्वेत सिग्नलच्या खात्यात असल्यामुळे वेळ मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. फोटो काढून चढवायचं काम कन्येचं, वल्लरीचं.

कॉम्प्युटर सुरू झाला. शेषरावांनी घड्याळ पाहिलं. चौथ्या मिनिटाला तो शिस्तीत बंद पडला. प्रभाकररावांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. कीर्तीने ओठ घट्ट मिटले.

"आता काढते, सर," ती म्हणाली.

"काढा की. वल्लरी, फोटो."

कीर्तीने खिळ्या सोडल्या, ठोकळा हलकेच फिरवून सोडवला आणि उलटा केला. वल्लरीने फोटो काढला, शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला तार जोडली, चढवला. मग सगळे वाकले.

राखाडी मलमाच्या मधोमध कुंकवाचा लाल ठिपका होता आणि त्यात चार तांदूळ. एक मोडला होता, तीन शाबूत होते, आणि त्या तिघांनी हा सगळा ठोकळा प्रोसेसरपासून अधांतरी धरून ठेवला होता. भगवानजींचा हात सवयीने कपाळाकडे गेला.

"नेवासकरजी, ये तो पूजा के चावल हैं," ते म्हणाले.

प्रभाकररावांना पहिला विचार सुचला तो असा की हे कंपनीचं काम आहे. मुहूर्ताचा पहिला माल, कारखान्यात पूजा केली असणार आणि तसाच डब्यात भरला असणार! हा निष्काळजीपणाचा कळस आहे, हे मी छापणार, असं ते कीर्तीच्या अंगावर ओरडू लागले. झाकण काढून स्वतःच टिपलेला तळाचा स्वच्छ फोटो त्यांच्याच परीक्षणात सगळ्यात वर झळकतोय, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. कीर्तीच्या होतं. ती ते सांगणार एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"तिला काही बोलू नका. अक्षता माझ्या आहेत."

मग प्रभाकररावांनी जे करायला नको ते केलं. चार लोकांसमोर बायकोला अडाणी म्हणाले. कशाला कुंकू लावायचं एवढंही कळत नाही का, म्हणाले. माझी चार वर्षं मातीत घातलीस, म्हणाले.

अलकाताईंनी हातातला झारा खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

"मी विचारलं होतं. दिसेल ते ने आणि पुन्हा विचारू नकोस, हे तुम्ही म्हणालात. मी अडाणी असेन. पण उलटं करून बघायला शिक्षण लागत नाही. ही मुलगी पत्रातून तेवढंच सांगत होती, तर तुम्ही तिलाच घालून पाडून बोललात. पूजा करताना मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन नीट बघते. तुम्ही ती बसवताना तरी बघितलीत का?"

प्रभाकररावांनी खालच्या आवाजात वल्लरीला सांगितलं की तो शेवटचा फोटो तेवढा काढून टाक.

"बाबा, मतलब आता कसा काढू? चाळीस लोकांनी पाहिलाय. आणि तुम्हीच बोललात ना, एकही गाळायचा नाही."

"काढायचा नाही," अलकाताई म्हणाल्या.

कीर्तीने तळ पुसला, सॅकमधून मलमाची नळी काढून नव्याने लावलं आणि ठोकळा बसवला. अर्धा तास झाला तरी आकडा एकावन्नच्या वर गेला नाही. शेषरावांनी ती वेळही कागदावर नोंदवली. कीर्ती आनंदाने उड्या मारेल असं वल्लरीला वाटलं होतं, पण तिचे डोळे भरून आले होते आणि ती चिडलेली होती.

"पंधरा दिवस मी ऑफिसात मान खाली घालून बसतेय, सर. येताजाता सगळे मला शेगडी म्हणतात. मला माफी नको. झालं तसं लिहा. साहेब उद्या दुपारी निर्णय घेणार आहेत."

प्रभाकरराव लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात सणासुदीच्या काळातील अपरिहार्य परिस्थिती होती. दुसऱ्यात 'घरातील एका सदस्याच्या अनवधानाने' असं होतं. अलकाताईंनी मागे उभं राहून हा सदस्य कोण, असं विचारल्यावर तो गेला. तिसऱ्यात आजवरच्या त्यांच्या सेवेचा आढावा होता. तो आढावा वाचून ते स्वतःच थांबले. समोर ती मुलगी परतीच्या गाडीची वेळ बघत बसली होती. मग त्यांनी सगळं पुसलं आणि चार वाक्यं लिहिली. ध्रुव-थ्री उत्तम आहे. मी तो उलटून पाहिला नाही. परीक्षण मागे घेतो. चूक माझी आहे, घरातल्या कुणाची नाही.

त्यांच्या एकूण लेखनात सर्वाधिक वाचली गेली ती ही चार वाक्यं. चौमूंच्या पोराने ती आपल्या नावाखाली कायमची चिकटवली. प्रभाकररावांनी दोन महिने काहीच लिहिलं नाही, आणि घरात त्यांच्याशी जेवणापुरतंच बोललं जात होतं.

होळीनंतर पुण्याहून खोकं आलं. आत ध्रुव-फोर होता. हजार नग संपले होते आणि कीर्तीने आभाराची चिठ्ठी घातली होती. प्रभाकररावांनी धंद्याच्या सवयीने आधी हमीपत्राची बारीक अक्षरं वाचायला घेतली. पाणी, आग, वीज कोसळणे, झुरळे आणि उंदीर यांमुळे झालेल्या बिघाडाला हमी लागू नाही, इथवर ठीक होतं. पुढे नवीन कलम होतं: 'तसेच हळद, कुंकू, अक्षता व तत्सम पूजासाहित्य.'

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. चार वर्षं त्यांनी सगळ्यांना झोडपलं, पण त्यांच्या लिहिण्यावरून कुणी एक स्क्रू इकडचा तिकडे केला नव्हता. आणि अलकाताईंच्या एका बोटाने हमीपत्र बदललं. त्यांनी कागद घाईने दुमडला, पण अलकाताईंनी तो हातातून काढून घेतला. वाचता वाचता त्यांचा चेहरा लाल झाला.

"हळद? हळदीचा डाग जात नाही म्हणून मी मुद्दाम नुसतं कुंकू लावलं होतं. हे धडधडीत खोटं छापलंय. उठा, लिहा त्यांना."

प्रभाकरराव मुकाट्याने कॉम्प्युटरसमोर बसले. त्यांनी पहिली ओळ लिहिली. अलकाताईंनी खांद्यावरून वाकून ती वाचली आणि म्हणाल्या, "हे फार मऊ झालं."