सुट्टी देणाऱ्या आवाजाची चौकशी

न्यायाचा पाया पुरावा आणि पुराव्याचा पाया आकडा, याबद्दल विद्वानांत आता दुमत उरलेलं नाही. आकड्याचा पाया काय, असं विचारण्याची पद्धत नाही. (विचारणाऱ्याला पुढच्या बैठकीचं बोलावणं येत नाही.)

सरकारी प्रयोगशाळेच्या ध्वनिविभागाचे प्रमुख या मताचे खंदे पुरस्कर्ते होते. त्यांना सगळे कानसाहेब म्हणत. पाठीमागे नुसतं कान. पूर्वी ते रेकॉर्डिंग ऐकून, डोळे मिटून सांगत, "हा तोच." न्यायालय विचारी, "कशावरून?" कानसाहेब म्हणत, "ऐकण्यावरून." अशा अडाणी पद्धतीने अनेक वर्षं बरोबर उत्तरं दिल्यावर शेवटी यंत्र आलं.

यंत्र "हा तोच" असलं अशास्त्रीय विधान मरणाला टेकलं तरी करत नाही. ते एवढंच सांगतं की, आरोपीच बोलला असेल तर असा आवाज उमटण्याची शक्यता, दुसराच कोणी बोलला असेल तेव्हाच्या शक्यतेपेक्षा अमुक पट आहे. हा आकडा सामान्य माणसाला झेपत नाही, म्हणून संचालकांनी त्याला शब्दांच्या पाच पायऱ्या मंजूर करून घेतल्या: किंचित आधार, बरा आधार, चांगला आधार, दणकट आधार आणि 'आता काय राहिलंय'. शेवटच्या पायरीच्या भाषेला विधी खात्याने हरकत घेतली होती, पण अर्थ पोचतो असंही मत नोंदवलं होतं.

अशा या सुसज्ज विभागाकडे सुट्टीचं प्रकरण आलं.

झालं होतं असं. शहरातल्या मध्यवर्ती शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन आला. "शिक्षणाधिकारी बोलतोय. उद्या सगळ्या शाळांना सुट्टी. कारण विचारू नका. कारण मागाहून कळवण्यात येईल." बाईंनी तो रेकॉर्ड केला. (त्या सगळेच सरकारी फोन रेकॉर्ड करत, आदेश तोंडी येतात आणि नकार लेखी येतात, हा त्यांचा अनुभव.) मग त्यांनी बाकीच्या शाळांना कळवलं. कोणाला तिळमात्र शंका आली नाही. आदेशात कारण असतं, तर लोक नक्की बिचकले असते.

सुट्टी फार छान झाली. त्या दिवशी शिक्षकांमधली डोकेदुखी एकाहत्तर टक्क्यांनी घटली. आपलं मूल नेमकं कितवीत आहे हे अडतीस टक्के वडिलांना प्रथमच कळलं. नऊ खिडक्यांच्या काचा फुटल्या, त्यांतल्या चार वडिलांनी फोडल्या.

पण राजधानीतून विचारणा आली: सुट्टी कोणी दिली? शिक्षणाधिकाऱ्यांनी रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं आणि सांगितलं, "हा माझा आवाज नाही. मी इतका ठाम बोलत नाही." त्यांच्या हाताखालच्यांनी एकमुखाने दुजोरा दिला. म्हणजे तोतयेगिरी झाली. तोतयेगिरीला तीन वर्षं कैद आहे आणि कैदेला एक माणूस लागतो.

माणूस सापडायला वेळ लागला नाही. शाळेच्या बसच्या चालकाने बहिणीच्या लग्नासाठी नेमक्या त्याच दिवसाची रजा मागितली होती. रजा नामंजूर झाली होती. तरीही तो लग्नात वऱ्हाडापुढे नाचताना दिसला. त्याला उचलून कोठडीत टाकलं आणि आवाजाचा नमुना घ्यायला कानसाहेब तिथे गेले.

"म्हण, उद्या सगळ्या शाळांना सुट्टी."

"साहेब, शपथेवर सांगतो, मी नाही हो दिली."

"दिलीस असं कोण म्हणतंय? तू नुसतं म्हण."

"म्हटलं की दिल्यासारखं होईल ना!"

"अरे, नाही म्हटलंस तर संशय वाढेल."

नियमाप्रमाणे वाक्य वीसदा म्हणायचं असतं. पहिल्या तीन वेळा चालक रडला. आठव्या वेळेपर्यंत त्याचा आवाज मोकळा झाला. बाराव्या वेळी त्याला पदाची जाणीव झाली. पंधराव्या वेळी तो उभा राहिला आणि टेबलावर हात आपटून गरजला, "सगळ्या शाळांना सुट्टी! कॉलेजांनासुद्धा!"

दारातला हवालदार आशेने म्हणाला, "आम्हाला?"

"तुम्हालापण! जा घरी!"

हवालदार टोपी उचलून निघालाही होता. त्याला जिन्यातून परत आणावं लागलं.

नमुना यंत्रात गेला. आकडा आला: चार लाख पट. 'आता काय राहिलंय' ही पायरी यापूर्वी कोणी पाहिलीच नव्हती. संचालकांनी सगळ्यांना चहा सांगितला. वर्तमानपत्रात आलं, 'चालकाचा आवाज चार लाख टक्के जुळला'. कानसाहेबांनी टक्के आणि पट यांतला फरक समजावणारा सविस्तर खुलासा पाठवला. तो दुसऱ्या दिवशी छापून आला: 'चार लाख टक्केच! तज्ज्ञ ठाम'.

साक्षीच्या आदल्या दिवशी कानसाहेबांना घरून फोन आला. विभागाचा फोन यंत्राला जोडलेला होता आणि यंत्र चालूच होतं.

"अहो, तुम्ही सकाळी दाराला बाहेरून कुलूप लावून गेलात!"

"मी? कधी?"

"मी आत आहे! सासूबाई आत आहेत! त्या म्हणतायत, लहानपणापासून असाच आहे! दुनियेचे आवाज ओळखता आणि घरात दोन माणसं बोलतायत ते ऐकू येत नाही?"

कानसाहेबांचं लक्ष पडद्याकडे गेलं. त्यांच्या सौभाग्यवती आणि सुट्टी देणारा इसम एकच असल्याला सहा लाख पट आधार होता. यंत्रानं बाई आणि पुरुष हा भेदभाव मुळीच केला नव्हता.

"अगं, पुन्हा एकदा बोल बरं."

"काय बोलू?"

"हेच. जरा चढ्या आवाजात."

त्यानंतरचा आकडा साडेसात लाख होता. (मजकूर इथे देता येत नाही.) चहावाला दारात येऊन "रिकामे कप कोण देणार?" असं ओरडला: साडेतीन लाख. संचालक खेकसले, "हा काय गोंधळ चाललाय?" नऊ लाख.

कानसाहेबांनी यंत्राच्या जुन्या नोंदी काढल्या. मग त्यांना उलगडा झाला.

आवाज किती जुळतो हे सांगायचं, तर इतरांचे आवाज किती जुळतात हे आधी माहीत हवं. त्यासाठी यंत्राला तुलनेचा जमाव द्यावा लागतो. हा जमाव प्रयोगशाळेने घरच्या घरी गोळा केला होता. दोनशे बारा कर्मचारी जेवणानंतर ओळीने बसवले आणि प्रत्येकाकडून रजेच्या नियमांचं प्रकरण वाचून घेतलं. काहींनी वाक्य सुरू केलं आणि ते शेजाऱ्याने संपवलं. चौघांचे नुसते घोरण्याचे नमुने मिळाले, तेही घेतले गेले, कारण आकडा भरायचा होता. यंत्राने या जमावावरून प्रामाणिक समज करून घेतला की मनुष्यजात अशीच बोलते. त्यापुढे कोणीही तावातावाने बोललं की यंत्राला वाटायचं, इतका दुर्मिळ आवाज जगात दोघांचा कसा असेल?

"म्हणजे यंत्र चुकतंय?" संचालकांनी दार लावून घेत विचारलं.

"नाही सर. यंत्र अचूक आहे. ते जागा माणूस ओळखतं."

"मग बिघडलं कुठे? गुन्हेगार जागाच असतो."

"पण सर, तुम्हीही नऊ लाख आलात."

संचालकांनी थोडा विचार केला. "माझा नमुना काढून टाका," ते म्हणाले. "आणि उद्या फक्त विचारतील तेवढंच सांगा. तुमच्या बढतीची शिफारस माझ्या सहीसाठी थांबली आहे."

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात चालक उभा होता. मागच्या बाकावर त्याची बहीण बसली होती, लग्नाच्या मेंदीचा रंग अजून न उतरलेली. न्यायाधीशांनी कानसाहेबांना विचारलं, "चार लाख पट म्हणजे हा गुन्हा यानेच केला असण्याची शक्यता चार लाख पट, असंच ना?"

इथे नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मानेची हालचाल नोंदवली जात नाही. कानसाहेबांनी बढतीचा विचार केला, मग बहिणीकडे पाहिलं, मग घरी आपण कोणत्या तोंडाने जाणार याचा विचार केला. "नाही, महोदय," ते म्हणाले, आणि पुराव्याची शक्यता वेगळी, गुन्ह्याची शक्यता वेगळी, हे समजावू लागले. ते फार उत्तम बोलले. सरकारी वकिलांची हनुवटी छातीला टेकली, टंकलेखकाचा हात थांबला, चालकालासुद्धा पिंजऱ्यात डुलकी लागली.

"थोडक्यात सांगा," न्यायाधीश जांभई आवरत म्हणाले.

"थोडक्यात, आरोपीचा आवाज आणि फोनवरचा आवाज यांत साम्य एकच. बोलताना दोघेही जागे होते."

सगळं न्यायालय खडबडून उठलं.

हुकूम झाला की सरकारी भाषेत बोलणारे, परंतु जागे, अशा कर्मचाऱ्यांचा नवा जमाव गोळा करावा आणि तुलना पुन्हा करावी. समिती नेमली गेली. तिने चौदा कार्यालयं पालथी घातली. भर कामाच्या वेळेत तीन इसम जागे आढळले. त्यांपैकी एक स्वतःच्या कामासाठी आलेला नागरिक निघाला. दुसरा त्याच दिवशी निवृत्त होत होता. तिसरा समितीच्या बुटांच्या आवाजाने नुकताच उठला होता. एवढ्याशा जमावावर विज्ञान चालत नाही, असा अहवाल समितीने एकमताने दिला. (दोन सदस्यांची संमती त्यांना हलवून घ्यावी लागली.)

जागी लोकसंख्या उपलब्ध नसल्याने चालकाची सुटका झाली. बाहेर बहिणीने "दादा!" करून त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. कानसाहेबांची बढती तिथल्या तिथे रद्द झाली. त्यांच्या सौभाग्यवतींनी मात्र कितीतरी वर्षांनी त्यांना आपणहून दुसरा चहा दिला.

खरा तोतया मात्र मोकळाच राहिला, ही रुखरुख कानसाहेबांना स्वस्थ बसू देईना. एके दिवशी ते मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले.

"बाई, खरं सांगा, तो आवाज ऐकून तुम्हाला त्या वेळी काय वाटलं होतं?"

"आवाजाकडे लक्ष कोण देतं, साहेब? मी नाव बघून उचलते."

"कसलं नाव?"

बाईंनी मोबाइल पुढे केला. सुट्टीच्या आदल्या दिवशीचा फोन अजून तसाच होता, नावासकट: 'शिक्षणाधिकारी, ऑफिसचा टेबलावरचा'.

"अहो, मग हे सांगितलं का नाही तुम्ही?"

"रेकॉर्डिंग मागितलं, ते दिलं. फोन कुठून आला, हे कोणी विचारलंच नाही."

पोलिसांनी विचारलं नव्हतं. न्यायालयाने विचारलं नव्हतं. कानसाहेबांनी विचारलं नव्हतं. इथपर्यंत वाचत आलात, तुम्हीही विचारलं नाहीत.