औषध हाये, फुटाने नाही

संध्याकाळी आमच्या अमरावतीत माणसं पानठेल्यावर उभी राहतात. तायडे सर मेडिकलवर उभे राहायचे. स्वतःसाठी काही घ्यायचं नसे. कॉलेजातून आले, चहा झाला, की पायात चप्पल अडकवायची आणि कोपऱ्यावरच्या पप्पूभाऊच्या दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकवून उभं राहायचं. गिऱ्हाईक आलं की पप्पूभाऊच्या आधी हेच विचारणार.

"कोनाले ताप हाये?"

गिऱ्हाईक गांगरून म्हणे, "पोराले."

"कोन्या डॉक्टरनं लिहून देल्ली ही गोयी?"

"लिहून नाही देल्ली. मांगच्या टायमाले याच गोयीनं फरक पडल्ता."

झालं! सर काउंटरवर अशी थाप मारत की बरणीतल्या खोकल्याच्या गोळ्या उडत. "औषध हाये ते, फुटाने नाही!"

पप्पूभाऊनं एकदा हात जोडले. "सर, तुमी इथं उभे राहता अन् माहं गिऱ्हाईक पुढच्या चौकात जाते. त्यापेक्षा डेअरीवर काहून नाही उभे राहत? दह्यातबी जंतूच असतात ना?"

सरांनी ते मनावर घेतलं. थोडा वेळ खरोखर विचार केला आणि म्हणाले, "ते जंतू सज्जन हायेत, पप्पू. त्यायले माही गरज नाही."

शेवटी पप्पूभाऊनं त्यांना बसायला स्टूल दिलं, पण असं ठेवलं की गिऱ्हाइकांकडे त्यांची पाठ यावी. सरांनी ते उचललं, फिरवलं आणि गिऱ्हाइकांकडे तोंड करून बसले.

सर आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत आणि मी इतिहास. आमच्या घरांची भिंत एकच, त्यामुळे कॉलेजात चुकवलेलं लेक्चर घरी ऐकावं लागे. पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्याच दिवशी ते एकेक काचेची बशी देत. तिच्यात जंतूंना आवडणारं अन्न जेलीसारखं पसरलेलं. त्यावर प्रत्येकानं अंगठा टेकवायचा. एक-दोन दिवसांनी त्या बशीत अंगठ्याच्या आकाराची पांढरी, पिवळी, केशरी टिंबं उगवत. सर ती बशी पोराच्या हातात देऊन म्हणत, "हे तुमीच हा. ओयख करून घ्या." एका पोरीनं त्या दिवसापासून हात इतके धुतले की तिची आई कॉलेजात भांडायला आली. सरांनी आईचाही अंगठा घेतला.

पण त्यांना जंतूंचा राग नव्हता. उलट एखाद्या नावाजलेल्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं ते त्यांच्याबद्दल बोलत. "पोटात ते नसले त जेवलेलं पचन का? मातीत नसले त कपाशी उगन का? मेलेलं सडलंच नाही त पाय ठेवाले जागा राहीन का?" चमचाभर ताज्या दह्यात जेवढे जीव आहेत तेवढी माणसं आपल्या विदर्भातसुद्धा नाहीत, हे त्यांनी एका लग्नात मठ्ठ्याचा पेला हातात धरून वरबापाला सांगितलं होतं. वरबाप मठ्ठा न पिताच उठला.

एकदा आम्ही सगळे मास्तर चिखलदऱ्याला सहलीला गेलो. बाकीचे दरीसमोर उभे राहून फोटो काढत होते. सर एका झाडाखाली उकिडवे बसले होते आणि मूठभर काळी माती नाकाशी धरून होते.

"घ्या वास," मला म्हणाले. "हा मातीचा नाही. मातीतल्या जंतूंचा हाये. असल्याच जंतूंपासून मानसाले कितीक औषधं भेटली. हजारो बाया बायंतपनात मरत होत्या, ठेच लागून मानसं मरत होते. ते थांबलं. अन् आपन काय केलं?"

"फुटाण्यासारखी खाल्ली," मी म्हणालो. मला पाठ होतं.

"अर्धा कोर्स घेऊन सोडून देनं म्हंजे काय? पोलिसानं गुंडाले दोन लाठ्या मारून सोडून देनं. तो सुधरते का? तो शिकते. अन् मंग आपल्या साऱ्या गोतावयाले शिकवते. त्यायच्यात शिकवनी फुकट असते."

हे सांगताना त्यांचा चेहरा काळजीचा असे, पण आवाजात थोडं कौतुकही असे. चांगला शिकणारा कोणीही असो, मास्तरला तो आवडतोच.

शालूवहिनी म्हणजे सरांची बायको. पातूरच्या. घरी शिलाई मशीनवर साड्यांना फॉल-पिको करून देत. अंगानं बारीक, हसणं मोठं. "आमच्या घरी जंतूयले मान हाये बाप्पा, मानसायले नाही," असं त्या सगळ्यांसमोर म्हणत आणि सरही हसत. पण घरात कोणी शिंकलं की सर चष्मा लावून पुढे येत. कधीपासून? घसा दुखते का? काही घेतलं का? कोनं देलं? शालूवहिनी पदर नाकाला लावून म्हणत, "काही नाही हो, फोडनीची मिरची लागली." आम्ही सगळे हसायचो. त्या घरात फोडणी न देताही मिरची लागते, हा आमच्या गल्लीतला जुना विनोद होता.

मागच्या हिवाळ्यात वहिनींची कंबर दुखू लागली. मुतखडा निघाला, बराच मोठा. धाकटी बहीण अकोल्यात राहते, तिथं दवाखान्यात डबा न्यायला, जवळ बसायला माणूस होईल म्हणून ऑपरेशन अकोल्याला करायचं ठरलं. ऑपरेशन चांगलं झालं. सरांनी फोनवर सांगितलं, "खडा पाह्यला. बोराएवढा. परवा घरी येतो."

त्या परवाला ते आले नाहीत. वहिनींना थंडी वाजून ताप भरला होता.

मी एसटीनं अकोल्याला गेलो, तेव्हा सर वॉर्डात नव्हते. बहिणीनं बोट दाखवलं, मी जिना उतरून प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या बाईंनी सरांच्या हातात एक काचेची बशी दिली होती. वहिनींच्या रक्तातला जंतू त्यात वाढवला होता आणि त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवल्या होत्या. यातलं मला कळत होतं, कारण सरांनीच कधीतरी चहा पिता पिता सांगितलं होतं. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल खळं पडतं.

या बशीत खळं नव्हतं. जंतू प्रत्येक टिकलीला थेट भिडून, गालिच्यासारखा दाट वाढला होता.

सरांनी बशी उजेडाकडे धरली, तिरपी केली. "काय जोमदार हाये," ते म्हणाले. अगदी वर्गात म्हणत तसंच. मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. बशी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसले. पायताणाचा अंगठा ओढत राहिले.

त्या बशीत टिकली नव्हती असं एकच औषध उरलं होतं. जुनं आणि मूत्रपिंडावर वाईट परिणाम करणारं. वहिनींची मूत्रपिंडं आधीच थकली होती. डॉक्टर म्हणाले, दुसरा रस्ता नाही. सरांनी मान डोलावली. त्यांना कोणी काही समजावून सांगण्याची गरज नव्हती, हेच वाईट होतं.

दुपारी वहिनी जाग्या होत्या. ओठ सुकलेले. मला पाहून हसल्या. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "तुमाले एक सांगाचं होतं. रागवसान."

"नाही रागवत. बोल."

"मले लघवीले आग व्हायची. लय वर्षांपासून. थांबली की पुन्हा व्हायची. तुमी कॉलेजात गेले की मी पुढच्या चौकातून गोया आनत होती. दोन-तीन घेतल्या की बरं वाटे. मंग बंद करत होती."

"औषध हाये ते, फुटाने—"

सर मोठ्यानं म्हणाले. इतकं मोठ्यानं की पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीनं मान वर केली. मला वाटत नाही ते रागावले होते. वर्षानुवर्षांची सवय. घंटा हलली की वाजते. शेवटचा शब्द त्यांनी गिळला, पण तो पोचायचा होता तिथं पोचला होता. वहिनींनी तोंड भिंतीकडे केलं.

सर खाली वाकले. "शालू, अवं, तसं नाही. शालू, इकडं पाह्य." त्यांनी वहिनींचा हात धरला. त्या ग्लानीत होत्या की रुसल्या होत्या, कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळी श्वास लागला म्हणून त्यांना आतल्या अतिदक्षता विभागात नेलं, घशात नळी घातली. नळी घातल्यावर माणसाला बोलता येत नाही. त्यानंतर वहिनी बोलल्याच नाहीत. दोन दिवसांनी गेल्या.

मी सरांना अमरावतीला घेऊन आलो. पुष्कळ दिवस भिंतीपलीकडून काही आवाज नाही. शिलाई मशीन नाही, लेक्चर नाही. पप्पूभाऊ एकदा घरी येऊन गेला. म्हणाला, "सर, या ना दुकानात. बसा." सर म्हणाले, "तुहं गिऱ्हाईक जाते, पप्पू." पप्पूभाऊ रडतच बाहेर पडला. त्याच्या दुकानात आता सर्रास गोळ्या विकल्या जात होत्या आणि कोणी थाप मारायला नव्हतं.

मी एकदा धीर करून बोललो. इतिहासाच्या माणसाला वाटतं, कारण नीट मांडलं की ओझं कमी होतं. म्हटलं, "सर, तो जंतू कुठून आला हे सांगता येतं का? दवाखान्यातून आला असेल. पाण्यातून आला असेल. त्या दोन-तीन गोळ्यांनीच झालं असं तुमचं शास्त्र तरी म्हणतं का?"

"नाही म्हनत," ते म्हणाले. "नाही सांगता येत कुठून आला ते."

"मग?"

"ती मले भेत होती, हे त सांगता येते ना?"

 

यंदा पावसाळा सरता सरता आमच्या गल्लीत घरोघर ताप होता. माझी बायको मीनाही पडली. दुसऱ्या दिवशी तिनं पुढच्या चौकातून कुठल्याशा गोळ्या मागवून घेतल्या. मी काही बोललो नाही. मी कधीच बोलत नव्हतो, बोलायचं काम सरांचं होतं.

दुपारी सर आले. हातात तापमापक होता. मागाहून कळलं, ते असे बऱ्याच घरी जाऊ लागले होते. कोणाला ताप आहे असं कळलं की जात, खुर्ची ओढून बसत, लागलं तर स्कूटरवर मागे बसवून डॉक्टरकडे नेत आणि तिथं नंबर येईपर्यंत थांबत. बोलत मात्र नसत. लोकांना ते विचित्र वाटे. आधी बोलायचे ते बरं होतं, असंही काहीजण म्हणाले.

त्यांना दारात पाहताच मीनानं गोळ्यांचं पाकीट उशीखाली सारलं. तापातल्या माणसाचा हात तो, चपळ कुठला असणार! आम्हा तिघांनाही ते दिसलं.

सर खुर्चीवर बसले. तापमापक दिला, घेतला, उजेडात धरून पाहिला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मला वाटलं, आता थाप पडणार. खरं सांगायचं तर ती पडावी असं मला वाटत होतं. पूर्वीचे सर एकदा तरी दिसले असते.

"वहिनी," ते म्हणाले. आवाज इतका हळू की मीना कोपरावर उठून बसली. "उद्या डॉक्टरकडं जाऊ. मी येतो संगं. अन् अजून कुठं काही दुखत असन, आग होत असन, लाजेनं सांगतलं नसन, त सांगून टाका. कवाचंबी असो."

मीना माझ्याकडे बघू लागली. सरांनी ते पाहिलं आणि खुर्ची थोडी वळवून घेतली. तोंड खिडकीकडे, पाठ आमच्याकडे.

"सांगा," ते म्हणाले. "मी काही म्हनत नाही."

मीना बोलू लागली. जे तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं, ते सांगू लागली. सर खिडकीबाहेर बघत ऐकत राहिले. मधे एकदा ती थांबली, तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली, आणि पुन्हा तेच म्हणाले, "मी काही म्हनत नाही."