दगूअण्णांचं अडलेलं गणित

आमच्या कॉलनीत उभ्या गाडीवर धूळ साचली की तिच्यावर गणित उमटतं. हे काम दगूअण्णांचं. माझ्या स्कूटरच्या सीटवर एकदा त्यांनी बोटानं एक लांबलचक इंटिग्रेशन सोडवलं होतं, शून्य ते एक लिमिट्स घालून. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. उभ्या उभ्या तपासलं. बिनचूक. ते पुसायचा धीर होईना, म्हणून त्या दिवशी मी रिक्षाने गेले.

अण्णा मूळचे घोटीकडचे. आयटीआय करून सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर लागले, तिथूनच रिटायर झाले. जीव मात्र ‘इंटिग्रेशन बाय पार्ट्स’वर.

“दोन फंक्शनं गुणून आली की दोघांना एकदम हात नाय लावायचा,” ते भाजीच्या गाडीपाशीसुद्धा समजावतात. “एकाला धरून ठेवायचं, दुसऱ्यावर काम करायचं. लेथवर जॉब पकडतो तसं.”

तिथंच मी एकदा मुद्दाम अवघड दिलं, ई टू द एक्स साइन एक्स. लिमिट्स शून्य ते पाय (π).

“यात दोनदा केलं की पहिलंच परत येतं. पोरं इथं भितात. भ्यायचं नाय. उचलायचं, डावीकडं न्यायचं.” मेथी पिशवीत पडायच्या आत त्यांनी उत्तर सांगितलं. मला वही लागली असती.

“शिकलात कुठं हे?”

“छायाच्या पुस्तकात.”

छाया त्यांची एकुलती मुलगी. डिप्लोमाला गणितात दोनदा नापास झाली आणि कॉलेज सोडते म्हणाली. आई नव्हती. मग अण्णाच शिफ्ट संपवून तिचं पुस्तक घेऊन बसायला लागले. आधी स्वतः शिकायचे, मग तिला शिकवायचे. छाया पास झाली, इंजिनीअर झाली, आता बंगळुरूला असते.

गेल्या रविवारी सकाळी मी इडल्या द्यायला गेले, तेव्हा अण्णांनी माझ्यादेखत एक गणित संपवलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि छायाला स्पीकरवर फोन लावला.

“निघतेय अण्णा, मैत्रिणी खाली थांबल्यात. काय झालं?”

“एक गणित अडलंय गं.”

“वाचा बरं.”

अण्णा वाचू लागले. तिसऱ्या ओळीत त्यांनी वजाचं अधिक केलं. पलीकडे छाया हसली.

“चिन्ह चुकलं. दरवेळी तेच करता. थांबा, मैत्रिणींना पुढं जा सांगते. आता पहिल्यापासून घ्या.”

“सांग,” अण्णा म्हणाले. सोडवलेला कागद त्यांनी हलकेच पालथा घातला आणि कोऱ्या पानावर, ती सांगेल तशी, एकेक ओळ सावकाश लिहून घेऊ लागले.