नळीला विचारलंस का?

सबनीसकाकांना ‘लांबी किती ठेवायची?’ असं कधी विचारू नये. विचारलं की ते आधी चष्मा काढतात, आणि समोरचा माणूस दिसेनासा झाला की त्याच्यावर मनसोक्त ओरडतात.

लांबी काडतुसाची. फेल्डहोवन या डच गावात माझ्याच कंपनीत इंजिनिअर असलेले काका शनिवारी नेमबाजीच्या क्लबात जातात. रिकाम्या पुंगळीत दारू आणि नवी गोळी भरून पिस्तुलाची काडतुसं घरीच बनवतात. रीतसर परवाना आहे. गोळी किती आत दाबली त्यावर काडतुसाची लांबी ठरते. जास्त झाली तर ते नळीत बसत नाही, कमी झाली तर आतला दाब वाढतो. मी या देशात नवा आलो तेव्हा घर मिळेपर्यंत यांनीच मला ठेवून घेतलं होतं, म्हणून मी हे सगळं ऐकून घेतो.

एकदा म्हणालो, “काका, पुस्तकात लांबी दिलेली असते ना?”

“पुस्तकवाल्याची नळी माझ्या पिस्तुलात बसवलीय का? पाठांतर करून पास झालेली माणसं! नळीला विचारलंस का?”

म्हणजे नळी सुटी करायची आणि बिनदारूचं नमुन्याचं काडतूस तिच्यात सोडायचं. ते टक्‌कन बसलं पाहिजे आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर पडलं पाहिजे. सायकलच्या दुकानदाराने सीटची उंची परस्पर ठरवली, तेव्हा त्याच्यावरही काका डचमध्ये ओरडले होते, “माझ्या पायाला विचारलंस का?”

त्यांची मुलगी ईरा टिलबर्गला शिकते. तीही परवाना काढून बाबांच्या यंत्रावर आपली काडतुसं बनवायची. एका शनिवारी तिचं पिस्तूल सारखं अडकायला लागलं. काकांनी तिचं काडतूस मोजलं.

“ही तर माझी लांबी!”

“हो. तुमचीच घेतली, बाबा.”

“माझी लांबी तुझ्या नळीला कशी चालेल? अक्कल गहाण टाकलीस? नळीला विचारलंस?”

सगळा क्लब बघत होता. एरवी डचमध्ये उत्तरं देणारी ईरा स्वच्छ मराठीत म्हणाली, “नळीला विचारता. मला कधी विचारलंत? माझे विषय, माझं कॉलेज, हा क्लबसुद्धा?”

ती गेली, ती परत आलीच नाही. मला काकांचा भयंकर राग आला होता. पण उपकाराखाली दबलेला माणूस काय बोलणार?

परवा त्यांच्या शेडमध्ये पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात एकच काडतूस दिसलं. मी उचललं.

“ठेव ते! ईराचा नमुना आहे.” मग जरा खाली बघत, “मुद्दाम लांब ठेवलाय. लांब असला तर कमी करता येतो. तिच्या नळीला विचारायचं राहिलंय.”

“मग तिला फोन करा ना!” मी चक्क ओरडलो. काकांवर, आयुष्यात पहिल्यांदा.

काकांनी चष्मा काढला. मी अंग चोरलं. त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

“ईरा, शनिवारी क्लबात ये!” शेड दणाणली. काकांचा आवाज आणखी चढला, “म्हणजे, येशील का? विचारतोय मी! ऐकतेयस ना? विचारतोय!”

ईरा म्हणाली, “नळी तुम्ही सुटी कराल, की मी करू?”

“तू सांग,” काका खेकसले. नमुना मुठीत घट्ट धरून ते उत्तराची वाट बघत राहिले.