दोरी पाहिलीत काय?

वेंकोबारावांच्या गमती मी आजवर पुष्कळांना सांगितल्या. पण सांगता सांगता त्यांच्या घरच्या नवरात्रापाशी आलो की मला नेमकी तहान लागे आणि विषय बदले. आता डॉक्टरांनी पाणीही मोजून दिलं आहे. तेव्हा सांगूनच टाकतो.

वेंकोबाराव माणसाकडे बघत ते त्याला कितवी पायरी लागेल हे ठरवायला. मी नोकरीसाठी साताऱ्याहून मद्रासला आलो आणि नुंगंबाक्कममधल्या त्यांच्या घराची वरची खोली बघायला गेलो. दारातच त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तिसरी पायरी. माळा हातास येईल." नाव त्यांनी नंतर विचारलं. तेही फुकटच गेलं, कारण शेवटपर्यंत मी 'सातारकर'च राहिलो.

सगळी नोकरी त्यांनी एका कचेरीच्या दप्तरखान्यात, शिडीवर उभं राहून केली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन सागवानी घडीच्या शिड्या करवून घेतल्या. रंगारी जिला घोडा म्हणतात, त्या जातीच्या. दोन्हींना सात सात पायऱ्या. सुताराने आठ सुचवल्या, तर त्याला घरी पाठवलं. नवरात्रात तिकडे घरोघर बाहुल्यांचा कोलू मांडतात आणि त्याच्या पायऱ्या विषमच लागतात. वेंकोबाराव दोन शिड्या शेजारी उघडून पायरीला पायरी फळ्यांनी जोडत, वर पांढरं धोतर अंथरत, की झाला सात पायऱ्यांचा कोलू. उरलेलं वर्षभर शिड्या गल्लीच्या सेवेत असत. गल्ली त्यांना 'एणिराव' म्हणे. एणि म्हणजे तमिळमध्ये शिडी.

शिडी मागायला जाणाऱ्याला आधी तिचा इतिहास ऐकावा लागे. त्यांची मराठी तंजावरची, माझ्या पणजोबांच्या पत्रांत शोभावी अशी.

"सातारकर, आधी खाचा पाडलेलं एक लाकूड होतं. त्यावर माकडानं चढावं. मग दोन दांडे आले, मध्यें गोल काठ्या. पण तीस भिंत लागे. भिंतीच्या जिवावर उभं राहणं, तें काय उभं राहणं? मग कोणा शहाण्यानं दोन शिड्या पाठीस पाठ लावून बिजागरीनं जोडल्या. काठीची सपाट पायरी जाहली, तळव्यास विसावा आला. तेव्हां कोठें मनुष्य घराच्या मधोमध चढला!"

"आणि ती खुर्ची उलटली की शिडी होते, ती?"

"अय्यो! बसावं की चढावं हें ज्यास ठरवितां येत नाहीं, त्याचं सामान तें."

शेवटी ते खाली वाकून शिडीच्या पुढच्या-मागच्या पायांना बांधलेली दोरी बोटाने छेडत. "पाय फाकूं नयेत म्हणून ही. सारी अक्कल हिच्यांत. दोरी पाहिलीत काय?"

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. टपालवाल्याला, परीक्षेला निघालेल्या पोरींना, एकदा तर मांडवात नवरदेवालाही. त्याने बिचाऱ्याने घाबरून धोतर चाचपलं.

त्यांच्या पत्नी, जानकीबाई, मी येण्यापूर्वीच गेल्या होत्या. त्यांनी माहेराहून आणलेली तंजावरची मान डोलावणारी बाहुली कोलूत सर्वांत वर बसे आणि एरवी त्यांच्या मेजावर. एका दुपारी जिन्यावरून उतरताना मी ऐकलं. "जानकी, सातारकरास नाहीं पटलं. तुज पटलं ना?" मग टिचकीचा आवाज. मी डोकावलो, तर बाहुली हो हो म्हणत होती आणि वेंकोबाराव समाधानाने चष्मा पुसत होते.

त्या वर्षी गणपतीला मी साताऱ्याला निघालो. वळकटी बांधायला दोरी मिळेना, गाडीची वेळ झालेली. ओसरीवर शिडी होती. मी तिची दोरी सोडली आणि जागी सुतळी बांधली. परत आल्यावर लावू म्हटलं. ती दोरी साताऱ्यालाच राहिली. नवी बांधायची तर रावांना कारण सांगावं लागलं असतं.

नवरात्र आलं. त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून शिड्या मीच आत नेल्या आणि उघडल्या. बाहुल्या पुसता पुसता त्यांनी विचारलं, "दोरी पाहिलीत काय?"

सुतळीवर माझी नजर होती. नऊ दिवस निघतील असं वाटलं.

"पाहिली," मी म्हणालो. ते उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आलेल्या असताना सुतळी तुटली. शिडी फाकली, फळ्या कलंडल्या आणि बाहुल्या घसरत खाली आल्या. कुणाला लागलं नाही. जानकीबाईंच्या बाहुलीचं डोकं मात्र घरंगळत उंबऱ्यापाशी गेलं.

वेंकोबारावांनी सुतळीचा तुकडा उचलला आणि दोन बोटांत फिरवून पाहिला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बायकांना म्हणाले, "चूक माझी. दोरी पाहणं माझं काम. आतां हातांचा नेम राहिला नाहीं."

माझ्या हातात सुंडलचा द्रोण होता. मी उभ्या उभ्या ते हरभरे खात राहिलो.

त्यानंतर तो प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नाही. दोन्ही शिड्यांना नव्या दोऱ्या आल्या, पण लोक संकोचाने दुसरीकडून शिडी आणू लागले. मेजावर बाहुलीचं नुसतं धड होतं. जिन्यातून मी मुद्दाम हळू उतरे. आतून काही ऐकू येत नसे.

पोंगलच्या सुमारास एका सकाळी मन घट्ट करून मी खाली गेलो. दारात मला बघताच ते लगबगीने उठले. कितीतरी दिवसांनी तो चेहरा उजळला होता.

"शिडी पाहिजे काय, सातारकर?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी स्वतः ती जिन्यापर्यंत आणून दिली. मी थांबलो. त्यांनी तो प्रश्न विचारावा म्हणून थांबलो. ते नुसते म्हणाले, "शरी, बरें, सावकाश." खोलीत तिसऱ्या पायरीवर चढून मी माळ्याला हात लावला आणि उतरलो. माळ्यावर काहीच नव्हतं.

उन्हाळ्यात मुलगा त्यांना बंगळूरला घेऊन गेला. जाताना एक शिडी त्यांनी माझ्यासाठी ठेवली. पत्र लिहायला मी कितीदा तरी बसलो. दरवेळी प्रकृतीची चौकशी करून संपवलं. मग एके दिवशी उत्तर मुलाच्या अक्षरात आलं, राव गेल्याचं.

शिडी अजून माझ्याकडे आहे. नातू दिवा बदलायला चढू लागला की मी खुर्चीतूनच ओरडतो, "दोरी पाहिलीत काय?" तो हसून "पाहिली" म्हणतो. तरी मी उठतो.

राव, मी पाहिली होती. ती सुतळी होती, आणि दोरी मीच सोडली होती. तुमच्या हातांची काही चूक नव्हती. मला माफ करा.