पोटातला पडदा

"पोटावर हात ठेवा," गाण्याच्या बाई बालवर्गाला म्हणाल्या. "फुप्फुसांखाली एक पडदा असतो. तो खाली गेला की श्वास आत, वर आला की बाहेर. गाणं त्याच्याच जोरावर चालतं. कळलं?"

"बाई, माझा पडदा गुदगुल्या करतोय," चिमणी म्हणाली. वर्गात सर्वांत लहान, म्हणून चिमणी.

मुलांना खरे सांगण्याचा हा गुन्हा बाईंना शाळेच्या संमेलनात भोवायचा होता. संस्थेच्या अध्यक्षांनी बजावले होते: समूहगान पसंत पडले तर गाण्याचा तास राहील, नाहीतर तिथे पाढे. अध्यक्षांचा नादब्रह्माशी संबंध मोटारीच्या भोंग्यापुरता असल्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी कोणालाच शंका नव्हती.

संमेलनाच्या दिवशी मुले रंगमंचावर ओळीने उभी राहिली. समोर मखमली पडदा, पलीकडे अध्यक्ष आणि पालक. शिपाईमामांनी दोरी ओढली. काही हलेना.

"बाई, पडदा अडकला!"

मुलांनी पोटे चाचपली.

"जोर लावा की, मामा!"

"लावतोय ना! अरे देवा... फाटला!"

"कुणाचा?" चिमणीचा आवाज कापला.

"कुणाचा म्हणजे? आपल्या सगळ्यांचाच!"

चिमणीने गळा काढला. पाठोपाठ सगळ्या ओळीने. मात्र रडण्यासाठीही प्रत्येकाने श्वास पोटातूनच घेतला. शिकवलेले इतक्या निष्ठेने आचरणारे विद्यार्थी विद्यापीठांच्याही नशिबी नसतात.

"सुईदोरा आणा कुणीतरी!" मामा ओरडले. "इथंच टाके घालतो!"

सूर थेट तारसप्तकात गेला.

बाई गुडघ्यांवर बसल्या. "अगं, तो कापडाचा पडदा! तुमचा शाबूत आहे. एवढं रडताय ते कशाच्या जोरावर?"

मुलांनी विचार केला. पटले. रडणे थांबले. मामांनी पडदा हातानेच बाजूला सारला आणि मुले हुंदके गिळत, चिरक्या आवाजात ठरलेले गाणे कसेबसे गायली.

नंतर अध्यक्ष डोळे पुसत आत आले. "बाई, पडद्यामागचं ते पहिलं गाणं! काय आर्तता! काय एकसूर! दुसरं जरा पोरकट वाटलं."

"आणि तास?"

"राहील की! पुढच्या महिन्यात शिक्षण खात्याचे मोठे साहेब यायचेत. त्यांच्यापुढे फक्त पहिलंच घ्या. नाहीतर पाढे आहेतच."

अध्यक्ष गेल्यावर बाई चिमणीजवळ बसल्या. "चिमणे," त्या मोठ्या आशेने म्हणाल्या, "पडदा फाटला गं."

चिमणी खुदकन हसली. "फाटू दे की, बाई. कापडाचाच तर आहे."